दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मेल पाठवायला गेलं की मेल प्रोग्रॅम ओ का देत नाही? कारणं आणि उपाय



हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल तयार झालंय. वर 'ई-मेल' असं बटण आहे. ते दाबलं की इंग्रजीत एक खिडकी येते, 'देअर इज नो ईमेल प्रोग्रॅम असोसिएटेड...' असं काहीतरी सांगते, आपण ओके करतो आणि विषय तिथंच संपतो. गंमत म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर आउटलुक किंवा थंडरबर्ड नुसता उघडला तर व्यवस्थित चालतो. मेल येतात, जातात. फक्त दुसऱ्या प्रोग्रॅमने हाक मारली की तो ओ देत नाही.

मी जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावात राहतो आणि गावातल्या, आसपासच्या दुकानांतले कॉम्प्युटर बघतो. खत-बियाण्यांची दुकानं, ठोक किराणा, मेडिकल, मल्टिसर्व्हिसेस. या तक्रारीवर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे 'फॉरमॅट मारा'. फॉरमॅट मारल्यावर प्रॉब्लेम कधीकधी जातोही, पण का गेला ते कुणालाच कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत येतो. मला तरी या कामासाठी फॉरमॅटची गरज एकदाही पडलेली नाही. एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे मेल कसा सोपवतो, एवढं कळलं की नेमकं कुठं अडलंय ते दहा-पंधरा मिनिटांत सापडतं.

फोनवरचं 'शेअर' आणि कॉम्प्युटरची पद्धत

आपण सगळे फोनवर शिकलेले, म्हणून तिथूनच सुरुवात करू. अँड्रॉइडवर तुम्ही गॅलरीत फोटो उघडून 'शेअर' दाबता. गॅलरी अँड्रॉइडला सांगते, 'माझ्याकडे एक फोटो आहे, कोण घेतंय?' अँड्रॉइड लगेच यादी दाखवतं: व्हॉट्सअॅप, जीमेल, टेलिग्राम. तुम्ही जीमेल निवडलं की तो फोटो वाचायची तात्पुरती परवानगी जीमेलला मिळते. दर वेळी यादी, दर वेळी निवड, दर वेळी परवानगी. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फाईलचा नुसता पत्ता दुसऱ्या अॅपच्या हातात द्यायलाही बंदी आहे.

विंडोजवर अशी यादी येत नाही. तिथं आधीच ठरवून ठेवलेला एकच मेल प्रोग्रॅम असतो, त्याला 'डिफॉल्ट' म्हणतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर विचारतं, 'मेलवाला कोण?' विंडोज आपल्या वहीत बघून एक नाव सांगतं. त्या वहीत नावच नसेल, किंवा कधीचा काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचं नाव असेल, किंवा नाव बरोबर असून त्या प्रोग्रॅमला ही भाषाच येत नसेल, तर हाक वाया जाते.

आणि या हाका दोन वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. सगळा घोळ इथंच होतो, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

मेलटू आणि मॅपी

पहिला प्रकार मेलटू. वेबसाइटवर एखाद्या ई-मेल पत्त्यावर क्लिक केलं की जी लिंक उघडते ती हीच. ही एक साधी लिंक असते. तिच्यात पत्ता, विषय आणि थोडाफार मजकूर बसतो. मेलटूच्या नियमांत फाईल जोडायची सोय नाही. काही प्रोग्रॅम आपापल्या जुगाडाने तीही करतात, पण त्यावर विसंबू नका.

दुसरा प्रकार मॅपी. पूर्ण नाव 'सिंपल मॅपी'. विंडोज ९५ च्याही आधीपासून चालत आलेली ही पद्धत आहे. फाईल जोडून मेल पाठवायचा असेल तर बहुतेक जुनी सॉफ्टवेअरं, स्कॅनरचे प्रोग्रॅम, लिब्रेऑफिस, पीडीएफ वाचक आणि राइट क्लिकमधलं 'सेंड टू, मेल रेसिपियंट' हीच हाक मारतात. हाक मारणारा प्रोग्रॅम विंडोजच्या मॅपी नावाच्या डीएलएल फाईलला बोलावतो, ती फाईल रजिस्ट्रीत डिफॉल्ट मेल प्रोग्रॅमचं नाव बघते आणि त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डीएलएलकडे काम सरकवते. म्हणजे मध्ये दलाल बसलेला आहे, आणि तिघांपैकी एकाचंही बिनसलं की सौदा मोडतो.

आपल्यातले बहुतेक जण मेलसाठी ब्राउझरमध्ये जीमेल उघडतात. क्रोममध्ये जीमेलला मेलटूसाठी नेमता येतं, ते छान चालतं. पण ब्राउझरमधल्या जीमेलला मॅपी येत नाही. त्यामुळे वेबसाइटवरची लिंक उघडते आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं बटण मात्र चालत नाही. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. तिथं मॅपी समजणारा प्रोग्रॅमच नाही, एवढंच.

विंडोज १० आणि ११ सोबत येणाऱ्या 'मेल' अॅपचंही तसंच होतं. त्यालाही मॅपी येत नव्हती. ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने त्या अॅपचा सपोर्ट बंद केला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. हे नवं आउटलुक दिसायला छान आहे, पण आतून ते वेबसाइटसारखं बनवलेलं आहे. जुनी सॉफ्टवेअरं क्लासिक आउटलुकला 'कॉम ऑटोमेशन' नावाच्या पद्धतीने थेट चालवायची, ती सोय नव्यात नाही. 'काल चालत होतं, आज चालत नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो, की कुणी 'न्यू आउटलुक' हे वरच्या कोपऱ्यातलं बटण चालू केलंय का. क्लासिक आउटलुक मशीनवर असेल तर ते बटण बंद करून बघा. निम्म्या वेळा तिथंच काम होतं.

आधी तीन चाचण्या

काहीही बदलण्याआधी कुठला रस्ता बंद आहे ते ठरवायचं.

पहिली चाचणी मेलटूची. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. 'रन' ची छोटी खिडकी येईल. तिथं इंग्रजीत मेलटू लिहा, म्हणजे एम, ए, आय, एल, टी, ओ, आणि लगेच कोलन. एंटर मारा. नवा कोरा मेल उघडला तर मेलटूचा रस्ता मोकळा आहे.

दुसरी चाचणी मॅपीची. डेस्कटॉपवर एक छोटी टेक्स्ट फाईल बनवा, तिचं नाव इंग्रजी अक्षरांत 'टेस्ट' एवढंच ठेवा. राइट क्लिक करा. विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. मग 'सेंड टू' आणि त्यात 'मेल रेसिपियंट'. फाईल जोडलेला मेल उघडला तर मॅपीही ठीक आहे.

तिसरी चाचणी, ज्या सॉफ्टवेअरची तक्रार आहे त्यातूनच पाठवून बघणं. मात्र पाठवायच्या फाईलचं नाव आणि फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवून. असं का, ते पुढे येईलच.

पहिली चालली आणि दुसरी नाही, तर मॅपीची नोंद बिघडलीय किंवा तुमच्या मेल प्रोग्रॅमला मॅपी येतच नाही. दोन्ही चालल्या आणि तिसरी नाही, तर दोष हाक मारणाऱ्या सॉफ्टवेअरकडे किंवा दोघांच्या नात्यात आहे. तिन्ही चालल्या, तर फाईलच्या नावाकडे वळा. यापलीकडे अंदाज लावत बसायची गरज नाही.

दुसरी चाचणी फेल झाली तर

सगळ्यात आधी मेल प्रोग्रॅमलाच सांगा की 'तूच डिफॉल्ट हो'. क्लासिक आउटलुकमध्ये फाईल, ऑप्शन्स, जनरल इथं 'मेक आउटलुक द डिफॉल्ट प्रोग्रॅम' अशी खूण असते. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, जनरल, आणि खाली 'सिस्टिम इंटिग्रेशन' मध्ये 'चेक नाऊ'. हे करताना दुसरं कुठलंही काम उघडं ठेवू नका आणि झाल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा.

यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट अॅप्स' उघडून मेलटूसमोर कुणाचं नाव आहे ते बघा. इथलं नाव बदललं म्हणजे मॅपीची नोंदही बदललीच, असं गृहीत धरू नका. दोन्ही स्वतंत्र तपासायच्या.

मॅपीची नोंद रजिस्ट्रीत असते. रनमध्ये 'रेजएडिट' लिहून रजिस्ट्री उघडते. तिथं 'लोकल मशीन', मग 'सॉफ्टवेअर', 'क्लायंट्स' आणि 'मेल' असं आत जायचं. उजवीकडे 'डिफॉल्ट' समोर जे नाव दिसेल तो विंडोजच्या लेखी मेलवाला. हीच वाट 'करंट यूजर' खालीही असू शकते, आणि तिथं वेगळं नाव असेल तर आधी त्याचाच विचार होतो. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिसचं ट्रायल काढून टाकलेलं असतं आणि इथं अजून त्याचंच नाव बसलेलं असतं, हे मी किती वेळा पाहिलंय! घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने टपाल येत राहावं, तसं. बदल करण्याआधी त्या भागाची 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल तर मेल प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकणं जास्त सुरक्षित, कारण टाकताना तो ही नोंद स्वतः करतो.

पेन ड्राइव्हवरून चालणारा 'पोर्टेबल' थंडरबर्ड वापरत असाल तर तो अशी नोंद करत नाही. त्याच्याकडून ही अपेक्षाच करू नका, पूर्ण इन्स्टॉल करा.

ऑफिसच बिघडलंय असं वाटलं तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिस निवडून 'चेंज' आणि 'क्विक रिपेअर' करा. 'ऑनलाइन रिपेअर' जास्त खोलवर दुरुस्ती करतं, पण त्यासाठी ऑफिस जवळजवळ पुन्हा डाउनलोड होतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू केलंत तर दिवसाचा डेटा तिथंच संपेल.

तिसरीच चाचणी फेल झाली तर

इथं सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'. बरीच हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवणारा माणूस शॉर्टकटवर ही खूण करून जातो, म्हणजे परवानगीच्या कटकटी नकोत. मग होतं असं, की हिशेबाचं सॉफ्टवेअर अॅडमिन म्हणून चालतं आणि मेल प्रोग्रॅम साधा वापरकर्ता म्हणून. विंडोज सुरक्षेसाठी या दोन पातळ्या वेगळ्या ठेवतं, आणि एका पातळीवरची हाक दुसरीला पोचत नाही. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथली खूण काढा. सॉफ्टवेअर अॅडमिनशिवाय चालतच नसेल तर ते बसवणाऱ्याला विचारा. मेल प्रोग्रॅमलाही अॅडमिन करून टाकायचा उपाय लोक सुचवतात. मला तो अजिबात पसंत नाही. मेलमधून आलेली कुठलीही घाण मग अॅडमिनच्या ताकदीने चालेल.

दुसरं कारण म्हणजे मागे लपलेली खिडकी. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता. तो आउटलुकलाच कामाला लावून ओळखीच्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. त्यानंतर दुसरा प्रोग्रॅम तुमच्या नावाने मेल पाठवायला निघाला की आउटलुक 'चालेल का?' असं विचारू लागलं. थंडरबर्डही विचारतो. हा प्रश्न कधीकधी हिशेबाच्या मोठ्या खिडकीमागे उघडतो, आपल्याला दिसत नाही आणि वाटतं की सॉफ्टवेअर हँग झालं. टास्कबारवर लुकलुकणारं चिन्ह बघा, किंवा आल्ट आणि टॅब दाबून सगळ्या खिडक्या तपासा.

आमच्याकडे लाईट जायचं काही टायमिंग नाही, आणि त्याचाही इथं हात असतो. आउटलुक उघडं असताना लाईट गेली की पुढच्या वेळी ते 'सेफ मोडमध्ये सुरू करू का?' असं विचारतं. हाक मारून जागं केलेल्या आउटलुकने हा प्रश्न विचारला आणि उत्तर देणारं कुणी नसलं की हाक मारणारा ताटकळतो. उपाय सोपा आहे. सकाळी दुकान उघडलं की आधी मेल प्रोग्रॅम हाताने उघडायचा, तो मेल घेतोय ना ते बघायचं, मगच हिशेबाचं सॉफ्टवेअर सुरू करायचं. मेल प्रोग्रॅम बंद केलाय तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव दिसत असेल तर तो अर्धवट अडकलेला आहे. तिथूनच 'एंड टास्क' करा.

३२ बिट आणि ६४ बिटचा मुद्दा नेहमी निघतो. सॉफ्टवेअर ३२ बिट आणि आउटलुक ६४ बिट असेल तर मॅपीची बाकीची कामं अडतात, फक्त साधा मेल पाठवायची हाक तेवढी पोचते. म्हणजे नुसती फाईल जोडून पाठवायची असेल तर बिटांना दोष देण्याआधी वरची कारणं बघा. सॉफ्टवेअर आउटलुकची पत्त्यांची यादी किंवा इनबॉक्स वाचायला जात असेल तर मात्र दोन्ही सारख्याच बिटचे लागतील.

मराठी नावाची फाईल

आता जो भाग इंग्रजी साइटवर शोधून सापडत नाही तो. एका मोसंबीच्या व्यापाऱ्याकडे मला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, हे लहरी झालंय. काही पट्ट्या जातात, काही जात नाहीत." मशीन त्याआधी दोनदा फॉरमॅट झालेलं होतं. मी गेलेल्या आणि अडकलेल्या फाईली शेजारी शेजारी लावल्या. गेलेल्या सगळ्यांची नावं इंग्रजी आकड्यांत आणि तारखांत होती. अडकलेल्या सगळ्यांची 'मोसंबी पट्टी मार्च' अशी, देवनागरीत. लहरी काहीच नव्हतं.

कारण असं. जुन्या सिंपल मॅपीत फाईलचं नाव 'अॅन्सी' नावाच्या जुन्या पद्धतीने पाठवलं जातं. तिच्यात एकेका भाषेसाठी ठरलेली अक्षरांची एक तक्ती असते, तिला कोड पेज म्हणतात. इंग्रजी, रशियन, अरबी, थाई अशा भाषांना विंडोजने कोड पेज दिलं. देवनागरीला दिलंच नाही. मराठी आणि हिंदी विंडोजवर आल्या त्या थेट युनिकोडमध्ये. त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर 'मोसंबी पट्टी' हे नाव मॅपीला द्यायला जातं तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. मेल प्रोग्रॅम त्या प्रश्नचिन्हांच्या नावाची फाईल डिस्कवर शोधतो. ती कुठून सापडणार? मग कुठे 'अटॅचमेंट नॉट फाउंड' येतं, कुठे काहीच न सांगता रिकामा मेल उघडतो.

विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने याच कामाची युनिकोड हाक दिली आहे. नवी सॉफ्टवेअरं ती वापरत असतील तर मराठी नावं बिनधास्त जातात. जुनी मात्र अजून जुनीच हाक मारतात, आणि गावोगावच्या दुकानांत जुनीच सॉफ्टवेअरं चालतात.

यातला फसवा प्रकार म्हणजे विंडोजवर खातं उघडतानाच स्वतःचं नाव मराठीत टाकणं. मग 'यूजर्स' मधलं तुमचं फोल्डरच देवनागरी नावाचं होतं. सॉफ्टवेअर पाठवण्याआधी फाईल ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं तेही त्याच्याच आत असतं. अशा मशीनवर फाईलचं नाव इंग्रजी असलं तरी अडचण येऊ शकते, कारण वाटेतच देवनागरी आहे. नंतर सेटिंग्जमध्ये नाव बदलून उपयोग होत नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. इंग्रजी नावाचं नवं खातं काढून त्यात काम हलवणं हाच सरळ मार्ग.

विंडोजमध्ये 'यूज युनिकोड यूटीएफ-८' अशी एक बीटा खूण भाषेच्या जुन्या सेटिंग्जमध्ये असते. ती लावली की जुन्या हाकेतूनही मराठी नाव जाऊ शकतं. पण जुन्या आठ-बिटी मराठी फॉन्टवर चालणारी सॉफ्टवेअरं तिच्यामुळे गडबडू शकतात. दुकानाच्या चालू मशीनवर हा प्रयोग करू नका, घरच्या लॅपटॉपवर हवा तर करा.

'मग मराठीत नावं देऊच नये का?' असं त्या मुलाने विचारलं. द्यावीत की. तुमच्या फोल्डरांत, तुमच्या नोंदींत खुशाल मराठी नावं ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पाठवायच्या प्रतीपुरतं नाव इंग्रजी अक्षरांत करा, आणि मेलच्या विषयात मराठी लिहा. चूक मराठीची नाही. तीस वर्षांपूर्वी मॅपी बनवणाऱ्यांनी आपली लिपी मोजलीच नव्हती.

मेलटूमध्येही मराठीला असाच एक दंड बसतो. लिंकमध्ये देवनागरी अक्षर जसंच्या तसं चालत नाही, ते टक्क्याचं चिन्ह आणि आकडे अशा रूपात जातं. 'क' हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं आहे, आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हं लागतात, म्हणजे एका 'क' साठी नऊ. काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडणं हेही वेगवेगळे मोजले जातात. 'नमस्कार' एवढ्या शब्दाचे ७ तुकडे आणि लिंकमध्ये ६३ चिन्हं होतात. विंडोजवर साधारण २००० चिन्हांच्या आसपास मेलटू लिंक तुटायला लागते. इंग्रजी मजकूर तेवढ्यात आरामात बसतो, मराठी मात्र जेमतेम सव्वादोनशे तुकड्यांचा. ग्राहकाला जाणारा तयार मराठी मजकूर मध्येच कापला जात असेल किंवा मेल उघडतच नसेल तर तो आखूड करून बघा.

'गेला' म्हणतंय, पण गेलेला नाही

हे सगळ्यात महागात पडणारं आहे. मॅपीमध्ये हाक मारणाऱ्याला 'यशस्वी' असं उत्तर मिळतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की मेल प्रोग्रॅमने काम स्वीकारलं. मेल समोरच्याला पोचला, असा त्याचा अर्थ नाही.

गावातल्या एका खतांच्या दुकानदारांचं बँकेत कॅश क्रेडिट खातं आहे. अशा खात्याला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, उशीर झाला तर दंड लागतो. त्यांनी सॉफ्टवेअरमधून ते पाठवलं, 'सेंट सक्सेसफुली' आलं, ते निवांत झाले. चार दिवसांनी बँकेतून फोन. "भाऊ, हे तर म्हणतंय गेला," असं म्हणत त्यांनी मला स्क्रीन दाखवली. मेल आउटबॉक्समध्ये बसून होता. त्या दिवशी मेल प्रोग्रॅम उघडलेलाच नव्हता. सॉफ्टवेअरने हाक मारल्यावर तो मागच्या मागे जागा झाला, मेल आउटबॉक्समध्ये ठेवला आणि पाठवायच्या आत बंद झाला.

म्हणून सॉफ्टवेअर काय म्हणतंय ते सोडा. मेल प्रोग्रॅममधलं 'सेंट' फोल्डर उघडून त्यात तो मेल, फाईल जोडलेल्या अवस्थेत दिसतोय का ते बघा. मुदतीचं काम असेल तर तिथल्या मेलचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. क्लासिक आउटलुकमध्ये ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड इथं 'सेंड इमिजिएटली व्हेन कनेक्टेड' ही खूण चालू आहे ना ते तपासा. थंडरबर्डमध्ये फाईल मेनूत 'वर्क ऑफलाइन' चुकून लागलेलं नाही ना, तेही. फाईल मोठी असेल तर जीमेलची २५ एमबीची मर्यादा लक्षात ठेवा, स्कॅन केलेली कागदपत्रं ती सहज ओलांडतात.

जे सॉफ्टवेअर मेल प्रोग्रॅमला हाकच मारत नाही

टॅलीसारखी सॉफ्टवेअरं मेल प्रोग्रॅमला मध्ये न घेता थेट मेल सर्व्हरशी बोलतात. ओळखायची खूण अशी, की त्यांच्या सेटिंग्जमध्ये तुमचा ई-मेल पत्ता, सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड मागितलेला असतो. तिथं मेल अडला तर मॅपी, रजिस्ट्री यातलं काहीही तपासून फायदा नाही.

तिथलं नेहमीचं कारण पासवर्ड. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी अशा सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा पासवर्ड चालवणं बंद केलं. आता खात्यावर 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून १६ अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' काढावा लागतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टनेही १६ सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक आउटलुक आणि हॉटमेल खात्यांना नुसत्या पासवर्डने जोडणं थांबवलं, त्यामुळे फार जुने मेल प्रोग्रॅम त्या खात्यांवर आता चालत नाहीत. अॅप पासवर्ड कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. तो हातात असलेला माणूस ओटीपीशिवाय तुमचे मेल वाचू शकतो.

लिनक्सवर असाल तर

लिनक्सवर मॅपी नसते. तिथं प्रोग्रॅम बहुतेक वेळा 'एक्सडीजी-ईमेल' नावाच्या छोट्या स्क्रिप्टकडून डिफॉल्ट मेल प्रोग्रॅम शोधतात. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, इंटरनेट, ई-मेल इथं प्रोग्रॅमची वाट हातानेही देता येते. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड 'स्नॅप' स्वरूपात येतो. तो बंदिस्त चौकटीत चालतो, म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅमने तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल त्याला दिसत नाही. मेल उघडतो, फाईल गायब. अशा वेळी फाईल आधी होम फोल्डरमधल्या 'डॉक्युमेंट्स' मध्ये सेव्ह करा आणि तिथून हाताने जोडा. मराठी नाव मात्र तिथं अडचण करत नाही, लिनक्स सगळीकडे यूटीएफ-८ च वापरतं.